कोऱ्या वहीवरची सही

१

वही उघडली आणि मेट्रनबाईंचा हात थबकला.

पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. बाईंनी अंगठ्याखालून पानं सरसर सोडली. नुसत्या निळ्या रेघा! वहीच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या जाकिटात चिठ्ठी होती, चिठ्ठीवर नाव होतं आक्काचं, अक्षरही आक्काचंच. आत मात्र शाईचा एक थेंब नाही.

नाही कसा? होता. अगदी शेवटच्या पानावर होता. 'शंभर नोंदी स्वतः तपासल्या, बरोबर आहेत.' छापील ओळ, तिच्याखाली डायलिसिस विभागाच्या इन्चार्ज सिस्टरची लफ्फेदार सही आणि कालची तारीख.

बाईंच्या समोर उभा असलेला कारकून मान लांब करून बघत होता. सगळं हॉस्पिटल त्याला 'शिक्का' म्हणायचं, कारण शिक्का मारल्याशिवाय तो कुणाला पाणीसुद्धा देणार नाही असं बोललं जायचं.

"कपाट तूच उघडलंस ना आत्ता?"

"तुमच्यासमोर उघडलं, मॅडम. काल संध्याकाळी सहाला माझ्या हाताने बंद केलं, वर कागदाची पट्टी चिकटवली, शिक्का मारला. पट्टी तुम्हीच फाडलीत."

खरं होतं. पट्टी बाईंनीच फाडली होती.

"दोनच उमेदवार, दोनच वह्या," शिक्का आवाज खाली आणून म्हणाला, "आणि त्यातली एक अशी. मॅडम, माझं ऐकाल तर स्पष्टच आहे. आक्का दोनदा नापास झालीय. नोंदी पुऱ्या झाल्या नसतील. इन्चार्ज तिची जुनी मैत्रीण, एका वर्गातल्या दोघी. दिली सही ठोकून!"

भिंतीवर अकरा वाजले होते. परीक्षा दोनला.

मेट्रनबाईंना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. पण नर्सिंग परिषदेने कुठे बाहेरचा परीक्षक पाठवायचा म्हटलं की यांचंच नाव निघे. नर्सेस त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणत. दोन उमेदवारांच्या वह्या शेजारीशेजारी ठेवून, ओळीला ओळ लावून बघण्याची त्यांची खोड सगळ्यांना ठाऊक होती. स्वभाव मात्र लोण्याचा. कुणाला नापास करून आल्या की त्या दिवशी देवापुढे जरा जास्त वेळ बसत.

डायलिसिस म्हणजे रोग्याचं रक्त बाहेर काढून, यंत्रातून धुऊन, परत अंगात सोडणं. त्यासाठी हातातली एक शीर शस्त्रक्रियेने फुगवतात, तिला फिस्टुला म्हणतात. तिच्यात दर खेपेला दोन जाड सुया घालाव्या लागतात. ज्या नर्सला या कामाचं प्रमाणपत्र हवं, तिने वरिष्ठांच्या डोळ्यांदेखत शंभर वेळा हे केलेलं असावं लागतं आणि प्रत्येक वेळेची नोंद वहीत हवी. वही नाही तर परीक्षा नाही. आणि नवा नियम असा की पुढच्या एक तारखेपासून प्रमाणपत्र नसलेल्या हातात सुई द्यायची नाही.

"आक्काला बोलाव," बाई म्हणाल्या. "आणि हे बघ, बाहेर तोंड उघडलंस तर तुझ्याच तोंडावर शिक्का मारीन."

२

आक्का आली ती ओले हात ॲप्रनला पुसतच. वय बावन्न, केस अर्धे पांढरे, चालताना उजवा गुडघा जरा धरून. तिने वही पाहिली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग खुर्ची न मागताच खाली बसली.

"ही माझी नाही."

"जाकीट तुझं. चिठ्ठी तुझी."

"जाकीट माझं, बाई. आतली वही नाही. माझ्या वहीच्या तिसऱ्या पानावर आयोडीनचा डाग आहे. एकशे चार नोंदी आहेत माझ्या. अहो, दीड वर्ष लिहितेय मी!" तिचा आवाज चिरकला. "आज बसले नाही तर एक तारखेला मला चादरी मोजायला पाठवतील. सव्वीस वर्षं सुई धरलेला हात आहे हा. चादरी मोजू?"

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "पी आधी. आता सांग, काल वही तुझ्या हातातून कुठे गेली?"

"साडेपाचला एका पेशंटची सुई काढली होती. भोकावर बोट दाबून बसले होते. दहा मिनिटं बोट उचलता येत नाही, तुम्हाला काय सांगायचं! तेवढ्यात शिक्क्याचा फोन, 'वह्या आणा, सहाला कपाट बंद.' बुलेट तिची वही घेऊन निघालीच होती. मी म्हटलं, बाळा, माझी पण ने. तिने नेली. इन्चार्जची शेवटची सही घेतली आणि शिक्क्याकडे दिली."

बुलेट म्हणजे दुसरी उमेदवार. वय सव्वीस. चालणं, बोलणं, जेवणं सगळं सुसाट, म्हणून हे नाव.

"तुझं तिच्याशी काही वाकडं?"

"माझं? तिच्याशी?" आक्का एवढ्या त्रासातही हसली. "पहिली सुई मीच धरायला शिकवली तिला. पोटच्या पोरीसारखी आहे. बाई, तिच्यावर नका हो जाऊ."

"मी कुणावरच जात नाही. म्हणजे वही तीन हातांतून गेली. बुलेट, इन्चार्ज, शिक्का."

"आणि चौथा माझा," आक्का खाली बघत म्हणाली. "लोक तेच म्हणणार ना?"

लोक म्हणायला लागलेसुद्धा होते. दाराच्या काचेपलीकडे तीन डोकी एकदम बाजूला झाली.

३

बुलेट उभ्या उभ्याच बोलली. "हो, मी नेली. दोन्ही वह्या इन्चार्ज सिस्टरच्या टेबलावर ठेवल्या, त्यांनी सह्या केल्या, मी शिक्क्याकडे दिल्या. मधे काय झालं मला नाही माहीत. मॅडम, माझी परीक्षा होणार ना पण?"

"का नाही होणार?"

"नाही... सहज विचारलं."

"कोऱ्या वह्या कुठे मिळतात इथे?"

"शिक्क्याच्या टेबलावर गठ्ठा आहे. कुणीही उचलतं. मी हिशेब लिहायला नेते, आक्का भाजीची यादी करते." ती हसायला गेली, पण हसू ओठांवरच विरलं.

शिक्क्याने हात वर केले. "मी जाकिटावरचं नाव बघतो, मॅडम. आत डोकावणं माझं काम नाही. आणि आक्काने माझ्याशी अर्जाच्या तारखेवरून भांडण काढलं होतं हे खरं, पण म्हणून मी... देवाशप्पथ, मी वही बदलली असेल तर माझे सगळे शिक्के पाण्यात पडू देत!"

राहिल्या इन्चार्ज सिस्टर. त्या खोलीत शिरल्या त्या कपाळावर घाम घेऊनच. कोऱ्या वहीच्या शेवटच्या पानावरची आपली सही पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही सही तुझीच?"

"माझीच. पण... बाई, वही भरलेली होती."

"पाहिलीस?"

"पाहिली की! एकेक नोंद पाहिली."

"शंभर?"

"शंभरच्या शंभर."

बाईंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. खोटं बोलणाऱ्या माणसाचे डोळे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. रोगी पथ्य मोडतो आणि 'मीठ शिवलोसुद्धा नाही' म्हणतो, तेव्हा असेच डोळे असतात. इन्चार्ज खोटं बोलत होत्या. पण कशाबद्दल?

सहीच्या जोरावर मैत्रिणीला पुढे ढकलण्याबद्दल? तसं असेल तर दोघींचीही नोकरी गेली. आक्काच्या नशिबात मग चादरी मोजणंसुद्धा उरणार नव्हतं.

"जरा बस," बाई म्हणाल्या. "तोवर प्रात्यक्षिकाचे कागद पुरे करून घेऊ."

त्यांनी वळून काहीतरी लिहिलं आणि पाच कागदांची चळत पुढे केली. प्रत्येकाची खालची कड तेवढी दिसत होती. इन्चार्जनी पेन काढलं. सर्र, सर्र, सर्र, सर्र, सर्र.

"आता चौथा कागद वाच. मोठ्याने."

इन्चार्जनी कागद ओढून काढला.

"'मी... मी माझ्या दोन्ही नाकपुड्या... परीक्षा मंडळाला दान करीत आहे.'"

४

हसू आलं नाही कुणालाच.

"असंच होतं ना तुझं?" बाई हळू म्हणाल्या. "शेवटचं पान उघडायचं, सही करायची, वही सरकवायची."

इन्चार्जच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. "अठ्ठावीस पेशंट, बाई. सात यंत्रं, चार नर्सेस. दिवसाला दोनशे सह्या करते मी. वाचत बसले तर यंत्रं कोण बघणार? काल बुलेटने दोन्ही वह्या शेवटचं पान उघडून पुढे धरल्या. मी केल्या सह्या. वरचं पान भरलंय की कोरं, देवाला ठाऊक. पण मी आक्कासाठी लबाडी केली नाही हो!"

"माहीत आहे मला."

"कसं?" शिक्क्याने न राहवून विचारलं.

"ठरवून लबाडी करणारा माणूस कोऱ्या वहीवर आपल्या नावाची सही करून स्वतःच्या गळ्यात फास घालील का? लबाडच असती तर चार खोट्या नोंदी तरी भरून घेतल्या असत्या. हिने केली ती चूक, आणि मोठी चूक, तिचा अहवाल मी पाठवणारच. पण या चुकीनेच एक गोष्ट पक्की कळली." बाईंनी शेवटचं पान सगळ्यांपुढे धरलं. "सही या कोऱ्या वहीवर आहे. म्हणजे सही होण्याआधीच वही बदललेली होती. तू, शिक्क्या, सुटलास. तुझ्या हाती ती नंतर आली."

शिक्क्याने सुस्कारा टाकला आणि लगेच त्याच्या लक्षात आलं. सहीच्या आधी वही होती ती दोघींकडेच. एक आक्का. दुसरी बुलेट.

बुलेट खिडकीशी उभी होती. "मी कशाला घेऊ? मला काय मिळणार त्यातनं? आक्काला प्रमाणपत्र मिळालं म्हणून माझं अडतंय का?"

प्रश्न बिनतोड होता. दोघींना प्रमाणपत्र मिळायला कसलीच आडकाठी नव्हती. उलट आक्काकडे बोट दाखवायला जागा होती. नोंदी अपुऱ्या, म्हणून वेळ मारून नेली. साडेबारा होत आले होते.

बाई उठल्या. "मला जरा तुमच्या पेशंटांशी बोलायचंय."

"पेशंटांना काय माहीत असणार?" बुलेट पटकन म्हणाली. फारच पटकन.

५

दुसऱ्या पाळीचे रोगी बाहेरच्या बाकांवर येऊन बसू लागले होते. त्यांत एक निवृत्त मास्तर होते, पाच वर्षं दिवसाआड इथे येणारे. डबा, स्वेटर, शब्दकोड्याचा कागद, सगळं मांडून बसले होते.

"आक्काची परीक्षा आहे म्हणे आज," तेच आधी बोलले. "माझा हात घ्या प्रात्यक्षिकाला. हा बघा." त्यांनी डावी बाही वर केली. फुगलेल्या शिरेवर सुयांच्या जुन्या खुणा रांगेने दिसत होत्या. बाईंनी बोटं टेकवली. आत रक्ताची थरथर मांजराच्या घुरघुरीसारखी लागत होती.

"छान जपलाय हात."

"आक्काने जपलाय. मधे गेलाच होता. सुई शीर सोडून बाहेर गेली आणि हात हा एवढा सुजला, वांग्यासारखा काळानिळा. सहा खेपा मानेत नळी घालून डायलिसिस केलं. हाताला शिवायचं नाही, डॉक्टरांची सक्त ताकीद."

"केव्हाची गोष्ट?"

"तारखा आम्हाला कळत नाहीत, बाई. आम्ही खेपा मोजतो. इन्चार्जबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या बघा, तेव्हा. त्या गेल्या त्या खेपेला नळी घातली, आल्या त्या खेपेला काढली."

"सुई कुणाची चुकली होती?"

मास्तरांनी शब्दकोड्यात मान घातली. "लहान आहे हो ती. थरथरत होती नुसती. आक्का म्हणाली, मास्तर, हिला रागावू नका, नाहीतर ही आयुष्यात पुन्हा सुई धरणार नाही."

बाई तशाच माघारी आल्या. कपाटातून दुसरी वही काढली, बुलेटची. मास्तरांची फाईल मागवली. वही आणि फाईल शेजारीशेजारी ठेवली, आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या.

फाईलमध्ये सहा खेपा: 'मानेतील नळी. डावा हात वापरू नये.'

बुलेटच्या वहीत त्याच सहा तारखा: 'डावा हात, दोन सुया, यशस्वी.' आणि प्रत्येकीसमोर इन्चार्जची सही. त्या दिवसांत इन्चार्ज हॉस्पिटलात नव्हत्याच!

बाईंनी वही मिटली. भिंतीवर एक वाजून दहा मिनिटं.

"दार लाव," त्या शिक्क्याला म्हणाल्या. "आणि तू इन्चार्जना घेऊन बाहेर थांब."

६

खोलीत तिघीच उरल्या. बाई, आक्का आणि बुलेट.

"पेशंटच्या फायली परीक्षेला येत नाहीत," बाईंनी सुरुवात केली. "येतात फक्त वह्या. एकट्या बुलेटची वही पाहिली असती तर मला काही कळलं नसतं. पण मी वह्या जोडीने बघते, हे सगळ्यांना माहीत आहे. आक्का, मास्तरांच्या हाताला सूज होती त्या दिवसांत तू तुझ्या वहीत काय लिहिलंस?"

"रोजचं लिहिते तेच. 'मास्तर, मानेतून. सुई नाही.' बाकीच्यांच्या सुया घातल्या त्या लिहिल्या आणि पुढे लिहिलं, 'इन्चार्ज रजेवर, कुणी पाहिलं नाही, मोजू नये.'"

"सुई घातली नाही, त्याचीही ओळ?"

"घडलं ते लिहायचं, बाई. तुम्हीच शिकवलं ना आमच्या वेळी?"

बाई बुलेटकडे वळल्या. "तुझ्या वहीला आक्काच्या वहीची भीती होती, पोरी. एकाच माणसाचा एकच हात एकाच दिवशी एका वहीत सुजलेला आणि दुसऱ्या वहीत दोन सुया घेतलेला, असं कसं चालेल? काल दोन्ही वह्या तुझ्या हाती आल्या. वाटेत कुठेतरी उभी राहून तू आक्काची वही पहिल्यांदा चाळलीस. खरं ना?"

बुलेट एकदम खाली बसली आणि तोंड हातात लपवलं.

"हात थरथरायचा माझा," बोटांच्या फटीतून शब्द आले. "मास्तरांचा हात सुजला ना, त्यानंतर महिनाभर. आक्का म्हणायची घाल, मी म्हणायची उद्या. नोंदी कमी पडल्या. मास्तरांच्या दिवसाआडच्या तारखा धरून मागाहून भरल्या, नळी नेमकी कधी होती ते आठवलं नाही. वाटलं सहाच तर आहेत. इन्चार्ज काही वाचत नाहीत, सगळ्यांना माहितेय. काल जिन्यात आक्काची वही उघडली आणि नळीच्या त्याच सहा तारखा दिसल्या. घरी आई, दोन भाऊ, सगळे माझ्या प्रमाणपत्राकडे डोळे लावून. शिक्का टेबलाशी नव्हता. गठ्ठ्यातली कोरी वही उचलली, जाकीट बदललं. वाटलं, आक्काला काय, पुढच्या वर्षी बसेल."

"पुढच्या वर्षी?" आक्का पहिल्यांदाच ओरडली. "अगं, एक तारखेला माझा हात काढून घेणार होते! तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

एवढंच.

"वही कुठे आहे?" बाईंनी विचारलं. "सकाळी आठला कचऱ्याची गाडी गेली. जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली असशील तर एव्हाना राख झाली."

आक्काने डोळे मिटून घेतले.

"टाकायला गेले होते," बुलेट म्हणाली. "पिशवी उघडलीसुद्धा. पण हात होईना. तिच्यात पेशंटांची नावं होती, मॅडम. नोंद कधी फाडायची नाही, कधी जाळायची नाही, हे आक्काने पहिल्या दिवशी सांगितलं होतं मला. शेवटी... जुन्या फायलींच्या कपाटात ठेवली. तारखेप्रमाणे लावून."

आपल्याच चोरीला तारखेप्रमाणे लावणारा चोर बाईंनी जन्मात पाहिला नव्हता.

शिक्का धावतच वही घेऊन आला. तिसऱ्या पानावर आयोडीनचा तपकिरी डाग. बाईंनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि नोंदी वाचायला घेतल्या. एकही ओळ सोडली नाही. इन्चार्ज सिस्टरना शेजारी बसवून प्रत्येक नोंद ड्यूटीच्या तक्त्याशी लावून घेतली. इन्चार्ज रजेवर होत्या त्या दिवसांपुढे एकही सही नव्हती. दोनला सात मिनिटं कमी असताना इन्चार्जनी शेवटच्या पानावर वाचून सही केली आणि बाईंनी वही मिटली.

"एकशे चार. मोजू नये म्हणून लिहिलेल्या सोडून. आक्का, हात धू."

मग त्या बुलेटकडे वळल्या. स्वर कडक होता, पण डोळे भरून आले होते. "तुझी परीक्षा आज होणार नाही. झालं ते सगळं मी लिहून पाठवणार आहे. वही कुठे आहे ते तू स्वतः सांगितलंस, हेही लिहीन. पुढचं परिषद ठरवील. जा आता."

बुलेट उठली. दारापर्यंत गेली आणि कडीवर हात ठेवून थांबली.

आक्का नळाशी हात धूत होती. कोपरापर्यंत साबण, बोटांच्या बेचक्या, नखं. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाणी बंद केलं.

"मास्तरांच्या शेजारी कोण थांबणार आहे?" आक्काने भिंतीकडे बघतच विचारलं. "सुई आत जाताना ते डोळे मिटून घेतात. कुणीतरी हात धरावा लागतो त्यांचा."

"मी सांगते कुणाला तरी," बाई म्हणाल्या.

"हिला सांगा."

बुलेटने वर पाहिलं.

"माझा राग गेलेला नाही," आक्का म्हणाली. "लवकर जाणारही नाही. चार दिवस माझ्याशी बोलू नकोस. पण त्यांच्या हातावर तुझी सुई चुकली होती. आज माझी बरोबर जाताना तुला बघावीच लागेल, तीही उघड्या डोळ्यांनी."

मास्तर चार नंबरच्या खुर्चीत हात पसरून बसले होते. बुलेटला पाहून त्यांनी उजवा पंजा पुढे केला, तिने तो दोन्ही हातांत धरला. आक्काने शिरेवर बोट टेकवलं, जरा थांबली, आणि सुई आत गेली. नळीत लाल रेघ उमटली, सरळ, शांत, यंत्राकडे निघालेली.

मास्तरांनी डोळे उघडले. "झालं?"

"झालं, मास्तर," बुलेट म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण मास्तरांचा पंजा धरलेले हात मात्र जराही थरथरत नव्हते.